मॉनिटरवरचे ९२ आणि ब्लेंडरवरचे ४०

"सिस्टर, बाळाचा ऑक्सिजन किती?" खानापूरची आजी असो की निपाणीचा मामा, एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दारात प्रश्न हाच. ९२ सांगितलं की चेहरा उतरतो. ४० सांगितलं तर पायच लटपटतात आणि तासाभरात घरच्या ग्रुपवर "ऑक्सिजन ४० वर आलाय" असा निरोप फिरतो.

हे आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. ९२ म्हणजे रक्तातलं सॅच्युरेशन, रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरलंय ते. कोरोनात घरोघरी बोटाला चिमटे लागले, तेव्हा ते सांगत बसत नाही. ४० म्हणजे आम्ही बाळाला देतो त्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण, हवा आणि ऑक्सिजन मिसळणाऱ्या ब्लेंडरवर लावलेलं. साध्या हवेत ते २१ टक्के असतं. म्हणून सॅच्युरेशन टिकवून ६० चे ४०, ४० चे २५ झाले तर पेढे वाटा, रडू नका.

खरी गफलत १०० पाशी होते. कोरोनाने शिकवलं, जितकं जास्त तितकं बरं. ऑक्सिजनवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा हिशेब लागू नाही. त्याचं सॅच्युरेशन साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवायचं असतं, म्हणून अलार्म वरच्या बाजूलाही लावलेला असतो. बाळ साध्या हवेवर असताना ९९ दिसले तर काही बिघडत नाही. तेच ९९ चाळीस टक्क्यांवर दिसले की माझा हात ब्लेंडरकडे जातो. घागर काठोकाठ भरल्यावर नळ किती वेळ चालू राहिला हे घागर बघून कळत नाही, तसं हिमोग्लोबिन भरलं की मॉनिटर ९९-१०० वरच अडकतो. रक्तात विरघळलेला ऑक्सिजन मात्र वाढतच राहतो.

त्याची झळ डोळ्यांना बसते. या बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून कडेपर्यंत पोचलेल्या नसतात. जादा ऑक्सिजनने त्यांची वाढ थांबते, पुढे त्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदा सुटू शकतो. हाच आरओपी नावाचा डोळ्यांचा आजार. १९४०-५० च्या दशकांत बाळांच्या काचेच्या पेटीत सढळ हाताने ऑक्सिजन दिल्यामुळे हजारो मुलं आंधळी झाली. मग हात आखडता घेतला, तर मृत्यू वाढले. अशा बाळांवरच्या २०१० च्या 'सपोर्ट' नावाच्या वैद्यकीय चाचणीतही तेच ओढाताणीचं चित्र: सॅच्युरेशन ८५-८९ मध्ये ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त, ९१-९५ च्या गटात डोळ्यांचा त्रास जास्त.

म्हणून "९१ झालंय, वाढवा की ओ जरा" याचा मला राग येत नाही. राग येतो तो वरचा अलार्म वाजतो म्हणून बंद करणाऱ्यांचा. आणि आकडा घसरला की सेन्सरची पट्टी सुटली का, मान वाकली का, बाळ श्वास घ्यायला विसरलं का, हे न बघता ऑक्सिजन वाढवून तो परत खाली आणायला विसरणाऱ्यांचा. तालुक्यातून येणाऱ्या ॲम्ब्युलन्समध्ये बहुधा ब्लेंडर नसतो, नुसता सिलिंडर. बाळ १०० सॅच्युरेशन घेऊन पोचतं आणि सोबतचे खूश असतात!

यापुढे विचाराल तेव्हा "किती टक्क्यांवर किती?" असं विचारा, ग्रुपवरही दोन्ही आकडे टाका. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा दोन किलोहून कमी असेल, तर डोळ्यांची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांत व्हायलाच हवी, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज झाला, बाळ बाळसं धरतंय, चिक्कोडीहून बेळगावला कोण येणार, ही कारणं मी ऐकून घेत नाही.