दहशतवाद फक्त ‘डार्क वेब’वर असतो?

सीताबर्डीत तर्रीपोह्याच्या ठेल्यावर परवा पुन्हा ऐकलं, “असलं सगळं डार्क वेबवर राहते, आपल्या फोनमध्ये कुठून येईन बाप्पा!” डार्क वेब म्हणजे खास ब्राउझरशिवाय न उघडणारा इंटरनेटचा लपलेला कोपरा. खात्री अस्सल नागपुरी, पण गोष्ट खोटी.

१५ मार्च २०१९ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांचा जीव घेणाऱ्याने हल्ला चक्क फेसबुकवर थेट दाखवला. थेट पाहणारे दोनशेही नव्हते. तरी पहिल्या २४ तासांत कंपनीला त्याच्या सुमारे १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. व्हिडिओ आपोआप तपासणारं कंपनीचं यंत्र हुबेहूब प्रत झटकन ओळखतं. लोकांनी मात्र व्हिडिओ कापला, स्क्रीनवरून पुन्हा चित्रित केला, आणि यंत्र गंडलं.

दहशतवाद्यांच्या प्रचाराला गर्दी लागते, तो अंधारात कशाला बसेल? (डार्क वेब वापरतात, नाही असं नाही.) आणि सुरुवातीला बंदूक दिसतच नाही. एखादं मीम येतं, ‘आपल्यावरच अन्याय का?’ विचारणारी क्लिप येते, कमेंटमध्ये गोड बोलणारा कुणी तुमचं म्हणणं मनापासून ऐकून घेतो. मग तोच म्हणतो, “इथे नको, टेलिग्रामवर ये.”