नाउन क्लॉज, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज: ही विभागणी आली कुठून?

इंग्रजीच्या वर्गात क्लॉज (मोठ्या वाक्याच्या आत येणारं, स्वतःचं क्रियापद असलेलं वाक्य) ओळखायची एक युक्ती हमखास सांगितली जाते: क्लॉजच्या जागी एकच शब्द बसतो का ते पाहा. 'आय नो दॅट ही इज ऑनेस्ट' या वाक्यात 'दॅट'पासून पुढचं सगळं काढून 'इट' ठेवता आलं, तर तो नाउन क्लॉज. 'अ मॅन हू इज ऑनेस्ट'ऐवजी 'अॅन ऑनेस्ट मॅन' म्हणता आलं, तर अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. मराठी व्याकरणातली नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य ही गौण वाक्यांची विभागणीही याच तत्त्वावर उभी आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की व्याकरणाइतकीच जुनी वाटते. प्रत्यक्षात शाळेत ती येऊन दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

त्याआधी व्याकरण म्हणजे मुख्यतः शब्दांचा अभ्यास. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून विल्यम लिली यांच्या नावाने ओळखलं जाणारं लॅटिन व्याकरण मुलं घोकत. त्यात मेळाचे तीन नियम होते: क्रियापदाचा कर्त्याशी, विशेषणाचा नामाशी आणि संबंधी सर्वनामाचा त्याच्या आधीच्या नामाशी. आजचा अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज त्या मुलांना भेटायचा तो या तिसऱ्या नियमापुरता. सर्वनामाचं लिंग-वचन जुळलं की विषय संपला. ते सर्वनाम जे अख्खं वाक्य सोबत घेऊन येतं, त्याच्या कामाला नाव नव्हतं. विल्यम बुलोकर यांनी १५८६ मध्ये इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण काढलं, तेही लॅटिनच्याच साच्यात. शिवाय त्या परंपरेत विशेषण ही स्वतंत्र जात नव्हती, तो नामाचाच एक प्रकार मानला जाई. मग 'विशेषणासारखं वाक्य' ही कल्पना सुचणार कुठून?

कल्पनेचं बीज मात्र १६६० मध्ये फ्रान्समध्ये दिसतं. पॅरिसजवळच्या पोर्ट-रॉयल मठाशी जोडलेल्या आर्नो आणि लान्सलो यांनी त्यांच्या व्याकरणात 'अदृश्य ईश्वराने दृश्य जग निर्माण केलं' हे वाक्य घेऊन त्यात तीन विधानं दडलेली दाखवली: ईश्वर अदृश्य आहे, त्याने जग निर्माण केलं, जग दृश्य आहे. एक विशेषण म्हणजे आटलेलं वाक्य असू शकतं, हे इथे स्पष्ट झालं.

दरम्यान खुद्द इंग्रजीतही 'हू', 'व्हिच' आणि 'दॅट' यांच्या वाटण्या अजून पक्क्या झाल्या नव्हत्या. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात 'अवर फादर व्हिच आर्ट इन हेवन' असं आहे. देवासाठीही 'व्हिच' चालत होतं. पुढे १७११ मध्ये 'स्पेक्टेटर' नियतकालिकात 'हू' आणि 'व्हिच' यांच्या नावाने एक अर्जच छापून आला, 'दॅट'ने आमची जागा बळकावली अशी तक्रार करणारा. माणसाला 'हू' आणि वस्तूला 'व्हिच' हा आपण सहज सांगतो तो नियम अशा वादांतून स्थिरावला.

लिंडली मरे यांचं १७९५ चं व्याकरण अनेक दशकं शाळांवर राज्य करत होतं. तिथेही मुख्य सराव एकेका शब्दाचं व्याकरण चालवण्याचा: जात, लिंग, वचन, विभक्ती. बदल आला तो जर्मनीतून. कार्ल फर्डिनांड बेकर पेशाने डॉक्टर होते आणि ऑफेनबाखला शाळाही चालवत. १८२७ च्या आसपास त्यांनी मांडलं की वाक्य हा एक जिवंत देह आहे आणि त्यातला प्रत्येक भाग त्याच्या कार्यावरून ओळखावा. गौण वाक्य नामाचं काम करत असेल तर नामवाक्य, विशेषणाचं करत असेल तर विशेषणवाक्य. जे. डी. मॉरेल यांनी १८५२ मध्ये हाच विचार इंग्रजीच्या वाक्यपृथक्करणासाठी, म्हणजे वाक्य भागांत तोडून दाखवण्यासाठी, सोप्या, तक्त्यात बसणाऱ्या रूपात आणला. मॉरेल शाळा तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर होते, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. तक्ता परीक्षेत विचारता येतो, तपासता येतो, त्याला गुण देता येतात. अमेरिकेत १८७७ मध्ये रीड आणि केलॉग यांनी तक्त्याऐवजी रेषांच्या आकृत्या आणल्या, पण रोख तोच राहिला.

पृथक्करणाला एक जोडीदारही होता: सुटी वाक्यं जोडून एक मिश्र वाक्य बनवणं. भारतीय शाळांत चालणाऱ्या नेसफील्ड यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांपासून पुढच्या शालेय व्याकरणांत हा सराव होताच. पण क्लॉज अधोरेखित करून त्याचं नाव लिहिणं सोपं, म्हणून वर्गाचा वेळ तिकडेच गेला. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पुढच्या संशोधनाने कौल दुसऱ्या बाजूने दिला. १९६३ मध्ये ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की नुसत्या औपचारिक व्याकरणाने लेखन सुधारत नाही. उलट फ्रँक ओहेअर यांच्या १९७३ च्या प्रयोगात व्याकरणाची परिभाषा न शिकवता वाक्यं जोडण्याचा सराव दिलेली मुलं अधिक प्रगल्भ वाक्यं लिहू लागली.

एकशब्दी युक्तीही सगळीकडे पुरत नाही. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' आणि 'द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड' यांत दोन्हीकडे क्लॉज 'न्यूज'ला चिकटलेला आहे, तरी पहिला अ‍ॅडजेक्टिव्ह आणि दुसरा नाउन. फरक आतून कळतो: पहिल्यात 'ब्रॉट'चं कर्म रिकामं आहे, ती जागा बातमीचीच, दुसऱ्यात वाक्य पूर्ण आहे आणि तीच बातमी आहे. म्हणूनच भाषाशास्त्रज्ञ हडलस्टन आणि पुलम यांनी इंग्रजीच्या २००२ च्या व्याकरणात बेकरची नावं सोडून क्लॉजच्या आतल्या रचनेवर वर्गीकरण केलं.

शिकवणाऱ्याने विसरू नये असा आणखी एक शोध भाषाशास्त्रज्ञ जॅकलिन शॅक्टर यांचा, १९७४ चा. इंग्रजी शिकणाऱ्यांत फारसी आणि अरबी भाषकांपेक्षा चिनी आणि जपानी भाषक रिलेटिव्ह क्लॉजमध्ये ('हू', 'व्हिच'ने सुरू होणाऱ्या अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉजमध्ये) कमी चुका करत होते; कारण ते तो क्लॉज वापरायचंच टाळत होते. त्यांच्या भाषांत विशेषक मजकूर नामाच्या आधी येतो. मराठीतही 'काल आलेला माणूस' म्हटलं की काम भागतं, किंवा 'जो माणूस काल आला, तो' अशी जोडी आधी येते. नामानंतर क्लॉज जोडायची सवय आपल्याला मुळात नसते. त्यामुळे वहीत लाल खुणा नसल्या तरी शिक्षकाने एवढं तपासावं की मुलाने पानभर लिहिताना एक तरी 'हू' किंवा 'व्हिच' स्वतःहून वापरला आहे का.