टाकीतल्या तपकिरी झिंग्याला ‘वाइल्ड’ का म्हणतात

पुण्यात हौशी मंडळी घरच्या काचेच्या टाकीत वाढवलेले चेरी झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे शोभेचे झिंगे, एकमेकांना देतात-घेतात. त्यात लाल, निळ्या, पिवळ्यांच्या जोडीला तपकिरी, काचेसारखा झिंगाही असतो, आणि त्याच्या पिशवीवर ‘वाइल्ड’ लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, हा कुठल्यातरी ओढ्यातून धरून आणलाय. प्रत्यक्षात त्याच्या कैक पिढ्या काचेतच गेलेल्या असतात.

टाकीत झिंगे ठेवण्याची लाट १९८०च्या दशकात जपानमधून आली. तिथल्या एका छायाचित्रकाराने पाणवनस्पतींच्या टाक्यांमध्ये शेवाळ खाणारे झिंगे सोडले. पण त्या जातीच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, त्यामुळे घरी पिल्लं जगत नाहीत. पुढच्या दशकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे झिंगे आले. ते गोड्या पाण्यात वाढतात, पण थंड आणि मऊ पाण्यात; आपला एप्रिल-मे त्यांना सोसत नाही. खरा फरक पडला तो तैवानमध्ये निवडून तयार केलेल्या लाल चेरीमुळे. यांच्यात अळीची अवस्थाच नाही. मादी कात टाकते, नर टाकीभर सैरभैर पोहू लागतात, आणि पुढचे तीन-चार आठवडे ती वीस-तीस अंडी पोटाखाली पायांनी वारा घालत सांभाळते. बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम दोन मिलिमीटरचं, पण पूर्ण झिंगा! देशी बदामाच्या वाळक्या पानावर ते दिवसभर टिपत बसतं. स्पंज फिल्टर असला की ओढलं जायची भीती नाही.

घोळ नावाचा आहे. या झिंग्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९०४ सालचं. पुढे १९१८ आणि २००२ मध्ये त्याच प्राण्याला आणखी दोन नावं मिळाली आणि व्यापारात तिन्ही फिरत राहिली. रंग वेगळा म्हणजे जात वेगळी, हा समज या गोंधळात टिकून राहिला. लोकांनी लाल आणि निळे बिनधास्त एकत्र ठेवले. जात एकच, त्यामुळे त्यांचा संकर होऊन एक-दोन पिढ्यांत टाकी तपकिरी झाली. त्या रंगाला आनुवंशशास्त्रात ‘वाइल्ड टाइप’ म्हणतात, म्हणजे निसर्गात जसा आढळतो तसा रंग. विक्रीत त्यातला ‘टाइप’ गळला आणि अर्थच बदलला.

विकणाऱ्यांचं म्हणणं असं, की ‘वाइल्ड’ऐवजी ‘मिक्स’, म्हणजे रंग मिसळलेले, असं लिहिलं तर गिऱ्हाइकाला माल बिघडलेला वाटतो. त्यांची अडचण मला कळते, तरीही ‘वाइल्ड’ हा शब्द चुकीचाच आहे आणि त्याने नुकसान होतं. टाकीत संख्या वाढली की कुणीतरी म्हणतं, ‘जंगली आहेत ना, मग ओढ्यात सोडून देऊ.’ सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये आपले स्वतःचे छोटे झिंगे आहेत. त्यांच्यात हे चीन-तैवानकडचे पाहुणे सोडले तर खाणं आणि जागा दोन्हींत वाटेकरी येणार.

जर्मनीत, वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे बारमाही कोमट राहणाऱ्या एका ओढ्यात हेच झिंगे सापडल्याचं २०१३ साली एका संशोधनात प्रसिद्ध झालं. तिन्ही नावं एकाच प्राण्याची आहेत आणि १९०४चं नाव ग्राह्य धरावं, हेही त्याच संशोधनात मांडलं गेलं. त्या ओढ्यात दुसराही एक झिंगा मिळाला, तो होता भारतीय उपखंडातला! पुण्याच्या ओढ्यांना वीजकेंद्राची गरज नाही, इथलं पाणी हिवाळ्यातही गोठत नाही.

माझ्याकडे तपकिरी पिल्लं जास्त झाली की मी ती देतो, पण पिशवीवर ‘मिक्स’ लिहून. खाली दुसरी ओळ असते: ‘नदी-ओढ्यात सोडू नये.’