वैयक्तिक प्रार्थना, ख्रिस्ती

ख्रिस्ती व्यक्तीने मंडळीच्या उपासनेबाहेर, एकट्याने देवाशी केलेला संवाद. त्यात स्तुती, उपकारस्तुती, पापांची कबुली, स्वतःसाठी मागणे, इतरांसाठी मध्यस्थी आणि देवापुढे नुसते गप्प बसणेही येते. रविवारची उपासना किंवा मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) यांना ती पर्याय मानली जात नाही.

हिचा मुख्य आधार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात आहे. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नका, खोलीत जाऊन दार लावून घ्या, शब्दांची पुनरावृत्ती केल्याने देव ऐकतो असे समजू नका, असे येशू तेथे सांगतो आणि लगेच ‘प्रभूची प्रार्थना’ शिकवतो. एकांतात म्हणायच्या या प्रार्थनेत मागणे मात्र सर्वांचे आहे : भाकर आमची, ऋणे आमची. येशू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांतात जात असे (मार्क १:३५). वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली, पण शेवट पित्याच्या इच्छेवर सोडला. मागितलेले न मिळणे म्हणजे प्रार्थना वाया जाणे नव्हे, हा विचार प्रामुख्याने या प्रसंगावर उभा आहे. तो सांगायला सोपा. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याला पेलणे अवघड, आणि स्तोत्रसंहितेतील कित्येक स्तोत्रे म्हणूनच सरळ तक्रारी आहेत.

पद्धतींत पंथांनुसार फरक पडतो. कॅथलिक घरांत जपमाळ, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि झोपण्यापूर्वीचे विवेकपरीक्षण (दिवसभराच्या वागण्याची तपासणी) रूढ आहे. या परीक्षणाला येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ (१५४८) या ग्रंथाने शिस्त दिली. जपमाळेच्या रहस्यांत, म्हणजे जप करताना मनन करायच्या येशू व मरियेच्या जीवनातील प्रसंगांत, २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाच्या रहस्यांची भर घातली. प्रॉटेस्टंट घरांत बायबलचा उतारा वाचून आपल्या शब्दांत प्रार्थना करण्याकडे कल असतो, आणि ती ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ अशी संपते. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर’ या आशयाचे एकच वाक्य श्वासागणिक म्हणतात. गुडघे टेकणे, उभे राहणे, डोळे मिटणे यांपैकी काहीच सक्तीचे नाही.

छापील प्रार्थना खरी की उत्स्फूर्त, हा वाद जुना असला तरी व्यवहारात तो फारसा टिकत नाही. नाशिकचा इतिहास त्याचे चांगले उदाहरण आहे. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील धर्मप्रसारक संस्थेने १८५० च्या दशकात शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तेथे शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश धर्मप्रसारक आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शोधमोहिमेत सामील झाला. मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळला. तो प्रार्थना करीत होता, असे चरित्रकारांनी उत्साहाने लिहिले. फार आजारी माणसाच्या त्या शेवटच्या घटकेबद्दल इतके खात्रीने बोलता येत नाही. त्याचे हृदय झाडाखाली पुरताना दफनविधीची प्रार्थना मात्र वेनराइटने वाचली, हे नोंदलेले आहे. जवळ ना पाळक ना चर्च. शाळेत शिकलेले दुसऱ्याचे शब्द त्या दिवशी कामी आले.

मराठीत या प्रार्थनेला आपला सूर मिळाला तो कवी नारायण वामन टिळकांमुळे (१८६१–१९१९). टिळकांचे काही शिक्षण नाशकात झाले, पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर जवळचे जलालपूर. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी ओवी-अभंग सोडले नाहीत. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांची पुष्कळ पदे ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात आहेत. ती चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गायिली जातात, आणि घरी स्वयंपाक करताना कोणी गुणगुणले तर तीच वैयक्तिक प्रार्थना होते. इंग्रजी भजनांच्या शब्दशः भाषांतरांना ही जवळीक क्वचितच साधली.

नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिरात (कॅथलिक तीर्थस्थान) फेब्रुवारीतील यात्रेला मुंबई, वसई, गोव्याकडून भाविक येतात आणि त्यांत अन्य धर्मीयही असतात. नवस बोलणे, मेणबत्ती लावणे ही तेथील सर्रास रीत. प्रार्थनेचा सौदा होऊ नये, असे धर्मगुरू सांगतात. मात्र मागण्याला बंदी नाही, कारण रोजची भाकर मागायला प्रभूच्या प्रार्थनेतच शिकवले आहे. एरवी प्रार्थनेचा रोजचा वेळ ज्याच्या त्याच्या कामावर ठरतो : कोणी पहाटे उठतो, कोणी पाळीवरून परतल्यावर, तर कोणी शरणपूर रोडच्या गर्दीत थांबलेल्या बसमध्ये बसल्या जागी करतो. पौलाच्या पत्रातील ‘निरंतर प्रार्थना करा’ (१ थेस्सल. ५:१७) या आज्ञेचा अर्थ बहुतेक भाष्यकार असाच, कामात असतानाही देवाचे भान ठेवणे, असा करतात.