कालकुपी (मुलांची)

कालकुपी : रोजच्या वापरातल्या लहानसहान वस्तू एका डब्यात भरून, अमुक वर्षी उघडायचा असे ठरवून तो बंद करून ठेवणे. १९३८ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी वेस्टिंगहाउस कंपनीने धातूचे एक नळकांडे जमिनीत पुरले आणि ‘टाइम कॅप्सूल’ हा शब्द रूढ झाला. ते उघडायचे आहे इ. स. ६९३९ मध्ये. आपल्याकडे लाल किल्ल्यात १५ ऑगस्ट १९७३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ‘कालपात्र’ पुरले गेले. जनता सरकारने ते १९७७ मध्येच उकरून काढले. त्याच वर्षी अवकाशात सुटलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रणाच्या तबकडीत गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि ती कुपी उकरायला कोणी जाऊ शकत नाही.

मुलांच्या कालकुपीची मुदत पाच-दहा वर्षांची असते. ठाणे-नवी मुंबईतल्या घरांत ती बहुधा सुट्टीतला उद्योग म्हणून सुरू होते. मोठी माणसे सुचवतात ते वर्तमानपत्र आणि प्रगतिपुस्तक. पण या गोष्टी नंतर कुठेतरी मिळतातच. मिळत नाही ते किरकोळ. माझ्या पाहण्यातल्या एका डब्यात पडलेला दात, सुटलेल्या गोंड्याची राखी, ठाणे-वाशी लोकलचे तिकीट आणि वहीचा एक कागद होता. कागदावर ठाण्यातल्या तलावाकाठच्या फेरफटक्याबद्दल पेन्सिलीने लिहिलेले : ‘तलावपाळी. भेळ ३. आजीने तिखट नको सांगितले तरी त्याने घातले.’ बाकी डबा गेला असता तरी चालले असते, इतका तो कागद मोलाचा आहे. वस्तूपेक्षा तिच्याबरोबरची चिठ्ठी महत्त्वाची. चिठ्ठी नसेल तर दहा वर्षांनी दात कोणाचा यावर भावंडांत भांडण ठरलेले. पैसे ठेवायचे तर नाणे ठेवावे. चार आणे २०११ मध्ये आणि जुनी पाचशेची नोट २०१६ मध्ये चलनातून गेली, पण डब्यात त्यांची गंमत वाढलीच.

खाडीकाठच्या या शहरांत खरा शत्रू ओल. पुठ्ठ्याच्या खोक्याला बुरशी धरते, कागदाला कसर लागते, टाचणी गंजून पानावर तांबडा डाग पाडते, रबरबँड चिकट होऊन फोटोला धरतो. म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, कागदांना दोऱ्याची गाठ आणि बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी. मे महिन्यात हवा दमट असते. डबा बंद करायला नाताळची सुट्टी बरी. लिहायला पेन्सिल घ्यावी. स्केचपेन ओलीत पसरते. दुकानातल्या यंत्रातून निघणारी गुळगुळीत (थर्मल) पावती काही वर्षांत कोरी होते, तिची झेरॉक्स काढावी. सेल असलेले खेळणे ठेवायचे तर सेल काढून, नाहीतर ते फुटून सगळे खराब करतात. पेन ड्राइव्हवर भिस्त नको. ज्यांच्या घरी फ्लॉपी पडून आहे त्यांना कारण सांगायला नको.

पुरण्याची हौस मुलांना असतेच, पण इथे पुरणार कुठे? सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतींना किंवा वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींना पुनर्विकास लागलेला. आंब्याखाली पुरलेला डबा दहा वर्षांनी पार्किंगच्या खाली असायचा. माळा किंवा लोखंडी कपाटाचा वरचा खण पुरे. झाकणावर तारीख, उघडायचे वर्ष आणि आतल्या वस्तूंची यादी चिकटवावी. घर बदलताना रद्दीत जाणारे डबे बहुतेक नाव नसलेले असतात.

एक अडचण मात्र नेहमीची. चौथ्या दिवशी मूल डबा उघडते, कारण आत ठेवलेली गोटी खेळायला हवी असते. काढू द्यावी. यादीतली गोटी त्यालाच खोडायला सांगावी आणि शेजारी तारीख घालून घ्यावी.