आधी काढलेलं तिकीट स्वस्त का मिळत नाही?

बेळगावच्या आरक्षण खिडकीवर सकाळी आठच्या आधीच भरलेला फॉर्म हातात धरून माणसं उभी असतात, ती कन्फर्म बर्थसाठी. स्वस्त तिकिटाची आशा कुणालाच नसते. गणपतीला पुण्या-मुंबईहून गावी यायचं तर तिकीट दोन महिने आधी काढा की आठवडाभर आधी, स्लीपरचं भाडं तेच. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपल्या भागातली मुलं मात्र फोनवर सांगतात की तिथे आधी तिकीट काढलं तर ते कितीतरी कमी पैशांत मिळतं. त्यावरून आपल्याकडे एक समज पक्का झाला आहे : रेल्वे खाजगी झाली की सवलत आपोआप येते. इतिहास तसं सांगत नाही.

आपला बेळगावचा मार्ग मुळात खाजगी कंपनीचाच. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर या भागात रेल्वे नेण्याची निकड सरकारला पटली आणि 1882 साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. 1887 च्या सुमारास तिचा मीटरगेज मार्ग बेळगावात पोचला. 1908 मध्ये मद्रास रेल्वेशी जोडणी होऊन तिची एम. अँड एस. एम. (मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे) झाली, 1944 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे 1951 ला दक्षिण रेल्वे, 1966 ला दक्षिण मध्य, 2003 पासून हुबळीची नैऋत्य रेल्वे. मिरजेला पोचलं की मध्य रेल्वेची हद्द. इतक्या वेळा पाट्या बदलल्या, पण भाडं अंतरावरच ठरत राहिलं. कंपनीच्या काळातही त्याची कमाल-किमान मर्यादा सरकार घालून देई, आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूला आरक्षणच नव्हतं, मग आगाऊ सवलत कुठली?

ब्रिटनमध्ये आगाऊ सवलत आली ती सरकारी मालकीच्या काळात. रिकाम्या धावणाऱ्या खुर्च्या भरायला ब्रिटिश रेलने ‘एपेक्स’ नावाची तिकिटं काढली होती. 1993 च्या कायद्याने खाजगीकरण झालं आणि कंपन्यांनी तीच युक्ती बारकाईने वापरली : प्रत्येक गाडीत ठरावीक खुर्च्या कमी दरात, त्या संपल्या की वरचा दर, आणि तिकीट त्याच गाडीपुरतं. लंडन-एडिनबरा मार्गाचं उदाहरण बोलकं आहे. 1996 पासून खाजगी, 2009 ला सरकारकडे, 2015 ला पुन्हा खाजगी, 2018 पासून पुन्हा सरकारी. आगाऊ तिकिटं या सगळ्यातून टिकली. उलट 2024 मध्ये या मार्गावरच्या सरकारी कंपनीनेच काही मोठ्या स्थानकांदरम्यान गर्दी नसलेल्या वेळेची, कुठल्याही गाडीला चालणारी तिकिटं प्रयोग म्हणून बंद केली. ज्याला आधी बेत ठरवता येत नाही, त्याला याची झळ बसली.

मे 2025 पासून तिथे एकेक कंपनी सरकारकडे परत जाते आहे. पहिली साउथ वेस्टर्न रेल्वे (आपल्या नैऋत्य रेल्वेचंही इंग्रजी नाव हेच, पण दोघींचा संबंध नाही). इंग्लंडमध्ये मार्च 2027 पर्यंत भाडेवाढ रोखल्याची घोषणा झाली, पण ती नियंत्रित, म्हणजे सरकार ज्यांची वाढ ठरवतं अशा भाड्यांपुरती. आगाऊ तिकीट त्या यादीतच नाही. किती खुर्च्या कमी दरात सोडायच्या हे गाडी चालवणारी कंपनी ठरवते, मग तिचा मालक कुणी का असेना.

आपल्याकडे मागणीनुसार दर बदलण्याची पद्धत सरकारी रेल्वेनेच आणली. सप्टेंबर 2016 पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोमध्ये पहिले दहा टक्के बर्थ मूळ भाड्याने आणि पुढच्या प्रत्येक दहा टक्क्यांना भाडं दहा टक्क्यांनी वर, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ब्रिटनमध्ये उतरंड मूळ भाड्याच्या खूप खालून सुरू होते, आपली मूळ भाड्यापासून वर चढते. 2019 मध्ये रेल्वेची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या आयआरसीटीसी या सरकारी कंपनीचे शेअर बाजारात आले आणि त्याच वर्षी त्या कंपनीला तेजस गाडीचं भाडं स्वतः ठरवायची मुभा मिळाली. 2020 मध्ये 109 मार्गांवर खाजगी गाड्यांसाठी निविदा निघाल्या, त्यातही भाडं ठरवण्याचं स्वातंत्र्य देऊ केलं होतं. प्रतिसाद थंड होता, योजना पुढे गेली नाही. आधी येणाऱ्याला कमी दर द्यावाच लागेल, अशी अट तिच्यात असती का, याची मला फार शंका आहे.

कारण साधं आहे. खुर्च्या रिकाम्या असतील तरच कुणी त्या स्वस्तात विकतो, आणि सणासुदीला आमच्या मार्गावर रिकामी खुर्ची मिळत नाही. त्या दिवसांत वेटिंगमध्ये अडकलेला खानापूरचा किंवा निपाणीचा माणूस शेवटी ट्रॅव्हल्सच्या बसकडे वळतो. बस खाजगी आहे, बसकंपन्या अनेक आहेत, तरी दिवाळीत भाडं चढतंच. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षणाची मुदत 120 वरून 60 दिवसांवर आली, त्यामुळे तीच झुंबड आता दोन महिने आधी उडते. गर्दीच्या दिवसांत पुण्या-मुंबईकडच्या जादा गाड्या आणि मधल्या स्थानकांना वाढीव कोटा, आपल्या लोकांनी रेल्वेकडे आधी हे मागायला हवं.