खनिजाची ओळख: रंगापासून कसापर्यंत

आजकाल दगडाचा फोटो काढून ‘हे कोणतं खनिज?’ असं विचारलं जातं. फोटोत दिसतो तो मुख्यतः रंग, आणि ओळख पटवायला रंगाइतका कच्चा साक्षीदार नाही. गुजरातेतल्या छोटा उदेपूरकडच्या आंबाडुंगरचं जांभळं फ्लोराइट आणि जांभळा क्वार्ट्झ, म्हणजे ॲमेथिस्ट, नुसत्या नजरेने सहज गल्लत करवतात. पोलादी चाकूने फ्लोराइटवर ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर नाही.

रंग बदलता येतो, हे बडोद्याच्या आसपास फार जुनं ज्ञान आहे. रतनपूरचा अकीक, म्हणजे मण्यांसाठी वापरला जाणारा अगेट दगड, खंबातचे कारागीर भट्टीत भाजतात. उष्णतेने त्यातल्या लोहाचं रूप पालटतं आणि पिवळट-तपकिरी दगड लाल होतो. हडप्पाकाळातल्या लोथललाही मण्यांचा कारखाना आणि भट्टी सापडली आहे. सोनं घासून पारखायचा दगड, म्हणजे सोनाराची कसोटी, तीही तितकीच पुरातन, कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त ती येते. वस्तूचं वरचं रूप बाजूला ठेवून घासलेल्या रेघेवर भरवसा ठेवायचा, ही त्यातली खरी सूज्ञता. हेमॅटाइट हे लोहखनिज पोलादासारखं करडं असो की काळं, झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर घासलं की उमटणारी रेघ, म्हणजे कस, तांबडाच असतो.

युरोपात हे काम खाणींमुळे पुढे सरकलं. जर्मन विद्वान ॲग्रिकोलाने १५४६ साली रंग, चमक, कठिनता अशा गुणधर्मांनुसार खनिजांची वर्णनं केली. १७७४ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर यांनी बाह्य लक्षणांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला; पुढे फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात त्यांनी पिढ्या घडवल्या. त्यांचेच शिष्य फ्रीडरिख मोहस. व्हिएन्नातल्या एका बँकरच्या संग्रहाची सूची करताना त्यांना नमुने नीट लावण्याची पद्धत हवी होती, आणि १८१२ साली त्यांनी संगजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत दहा पायऱ्यांची कठिनता-श्रेणी मांडली. तिचे आकडे म्हणजे फक्त क्रम. कुरुविंद ९ आणि हिरा १०, पण प्रत्यक्षात हिरा त्याच्या कितीतरी पट कठीण. हे अनेकदा शिकवायचं राहून जातं, ते राहू नये.

मग रसायनशास्त्र आलं. अमेरिकेत खनिजशास्त्रज्ञ डेना यांनी आपल्या खनिजशास्त्रावरच्या ग्रंथाच्या १८५४ च्या आवृत्तीत वर्गीकरण रासायनिक पायावर आणलं, आणि १९१२ नंतर क्ष-किरणांनी स्फटिकाच्या आतली अणूंची मांडणीच दाखवली. पाटन, म्हणजे खनिजाचं सपाट पृष्ठांवर फुटणं, ठरावीक प्रतलांतच का होतं, कॅल्साइटचे समांतरभुज तुकडेच का पडतात, याचं उत्तर तिथे मिळालं.

बडोदे संस्थानात मधल्या काळात रॉबर्ट ब्रूस फूट आले. १८९१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सयाजीरावांच्या राज्याची भूवैज्ञानिक पाहणी केली. तिचा अहवाल १८९८ साली छापला गेला. क्ष-किरणांचा शोध तेव्हा जेमतेम लागला होता आणि क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याची पद्धत अजून जन्मायची होती. आज ती सोय आहे, पण कोणता तुकडा प्रयोगशाळेत न्यायचा हे डोंगरावर उभं राहून, चाकू आणि भिंग हातात धरूनच ठरवावं लागतं.